तोंडाकडे बघणारा अंबादास

अंबादास तुमच्याशी बोलताना तुमच्या डोळ्यांकडे बघत नाही. तोंडाकडे बघतो. तेही असं टक लावून, की आपल्या मिशीत पोह्यातली मोहरी अडकली असावी अशी शंका यावी. पहिल्या भेटीत मी तीनदा रुमालाने तोंड पुसलं. चौथ्यांदा पुसायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "हात खाली घ्या की सायब, बोलणं कळंना झालंय."

मी होटगी रोडवरच्या एका खाजगी हॉस्पिटलात प्रशासन अधिकारी आहे. डॉक्टर सोडून बाकी सगळ्यांवर डाफरणं हे माझं काम. ती पहिली भेट म्हणजे अंबादासची मुलाखत होती. जागा वॉर्डबॉयची. उमेदवाराचं वय अठ्ठेचाळीस. आता अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाला बॉय म्हणायचं म्हणजे माझ्याच जिवावर आलं, पण कागदावर पद तेच होतं.

हल्ली सोलापुरात ज्याला त्याला चाळिशी उलटली की धंदा बदलायची हुक्की येते. आमच्या गल्लीतला साडीवाला वास्तुतज्ज्ञ झाला आणि त्याने स्वतःच्याच दुकानाचं दार वर्षात दोनदा फिरवलं. आमच्या ओळखीचे एक पी.टी.चे मास्तर शाळा सोडून गुंतवणूक सल्लागार झाले. अजून ते चारचौघांत बोलताना 'सावधान' म्हणतात आणि लोक खरंच सावध होऊन निघून जातात. मी स्वतः बावीस वर्षं एकाच खुर्चीत बसलेलो आहे. खुर्ची दोनदा बदलली, मी नाही. त्यामुळे असले उड्या मारणारे लोक समोर आले की माझं कपाळ आपोआप आक्रसतं.

अंबादासची उडी तर फारच लांबची होती. हा गडी पूर्व भागातल्या एका यंत्रमागाच्या कारखान्यात सव्वीस वर्षं जॉबर होता. जॉबर म्हणजे माग बिघडला की ज्याला हाक मारायची तो. टॉवेल आणि चादरी विणणारे चोवीस माग त्याच्या ताब्यात. मग मालकाने नवे, वेगाने पळणारे माग आणले, त्यांच्यासोबत पाठीवर कंपनीचं नाव छापलेले शर्ट घातलेली पोरं आली आणि जुने माग वजनावर गेले.

"माग भंगारात गेले सायब, मी न्हाई गेलो," असं तो मुलाखतीत म्हणाला. म्हणाला म्हणजे ओरडला. बाहेर बाकावर बसलेले दोन पेशंट आत काय झालं म्हणून डोकावले.

मग त्याने पिशवीतून एक प्रमाणपत्र काढलं. तीन महिन्यांचा रुग्णसेवेचा कोर्स केला होता. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरींच्या वर्गात हा एकटा काका. प्रमाणपत्राला प्लॅस्टिक चढवलं होतं, आणि कडेने मशीनची शिलाईसुद्धा मारली होती. "पहिल्या बाकावर बसायचो मी," तो अभिमानाने म्हणाला. "सर सरळ दिसायचे."

"कापडातून एकदम माणसांत कसा काय आलास?" मी शक्य तितक्या कुत्सितपणे विचारलं.

"असं हाय की सायब, मागाचं आणि माणसाचं एकच. ताण बरोबर पायजे. जास्त झाला तर तुटतंय, कमी झाला तर लोंबतंय."

आमचे मोठे डॉक्टर, म्हणजे हॉस्पिटलचे मालक, यावर खूश झाले. त्यांना असली वाक्यं आवडतात. मी म्हणालो, साहेब, विचार करा. ते म्हणाले, घ्या सहा महिने करारावर, मग तुम्ही अहवाल द्या, त्यावर कायम करायचं की नाही ते ठरवू. अहवाल माझ्या हातात आहे म्हटल्यावर मी शांत झालो. सहा महिने काय, कुणीही काढतं.

पहिल्याच आठवड्यात तक्रार आली. अंबादास सगळ्यांना मास्क काढायला लावतो. हॉस्पिटलात! ऑपरेशन थिएटरच्या दारात आमचे सर्जन काहीतरी सांगत होते, तर हा म्हणे त्यांच्या हनुवटीकडे बोट करून म्हणाला, "डॉक्टरसायब, मास्कात काय बोलालाव? जरा खाली घ्या की." सर्जन माझ्याकडे आले. ते रागावले की त्यांचा एक कान लाल होतो. मी अंबादासला बोलावून झापलं. तो माझ्या तोंडाकडे बघत सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "बरं सायब. पण मास्कातलं बोलणं म्हंजे पाकिटातलं पत्र. फोडल्याबिगर कसं कळंल?"

त्याचा आवाज हे दुसरं प्रकरण. चोवीस माग खडखडत असताना या टोकाचं त्या टोकाला पोचवायचा आवाज तो वॉर्डात जसाच्या तसा घेऊन आला होता. एक प्रतिष्ठित वकील आमच्याकडे मूळव्याधीसाठी दाखल होते. घरच्यांशिवाय कुणाला कळू नये म्हणून वेगळी खोली घेतली होती. अंबादासने दारातून विचारलं, "वकीलसायब, आज साफ झाली का?" तीन मजल्यांना कळलं. खाली पार्किंगमधल्या वॉचमननेही वर मान केली. वकीलसाहेब घरी जाताना मागच्या जिन्याने गेले.

मग गाठींचं प्रकरण. ऑपरेशनला नेताना पेशंटला जो झगा घालतात त्याच्या नाड्या अंबादास बांधायचा. विणकरांची एक गाठ असते. तुटलेला धागा जोडायची, बारीक, घट्ट, आणि कापडात गेल्यावर आयुष्यात न सुटणारी. बोटांना सवय तीच. टेबलावर पेशंट झोपलेला, भूल दिलेली, आणि दोन डॉक्टर एक सिस्टर मिळून नाडी सोडतायत. शेवटी कात्रीने कापली. तिसरा झगा कापला गेला तेव्हा मी त्याला विचारलं, सुटणारी गाठ येत नाही का तुला?

त्याला खरोखर धक्का बसला. "सुटणारी गाठ? मग मारायची कशाला सायब?"

वॉर्डातल्या चादरी अंथरण्याआधी तो उजेडात धरायचा. एका इंचात आडवे धागे किती, ते नखाने मोजायचा, आणि नाक मुरडायचा. "ही चादर हाय व्हय? मच्छरदाणी हाय ही." पेशंटच्या नातेवाइकांसमोर! एकदा कफ ओढायचं मशीन अडकत होतं, तर याने खिशातून स्वतःचा पाना काढला, मशीन उघडलं, साफ केलं, पुन्हा बसवलं. मशीन चालायला लागलं हे खरं. पण कंपनीचा माणूस आला आणि सील तुटलंय म्हणून वॉरंटी गेली असं मलाच सुनावून गेला. मी अंबादासला विचारलं, बिघाड तुला कळला कसा? तर म्हणाला, "हात ठेवला की. आत काय अडलंय ते हाताला कळतंय."

आणि त्याचं ते लाडकं वाक्य. अतिदक्षता विभागाच्या काचेबाहेर नातेवाईक जीव मुठीत धरून उभे असायचे. हा आतून ट्रॉली ढकलत बाहेर आला की ते धावायचे, "कसे आहेत हो आमचे बाबा?" डॉक्टरला विचारा म्हणायचं सोडून हा अंगठा वर करून गर्जायचा, "माग चालू हाय! मग झालं तर!" पहिल्यांदा लोक दचकायचे. पुढे पुढे मला ऐकू यायला लागलं की नातेवाईकच एकमेकांना फोनवर सांगतायत, हो, हो, माग चालू आहे म्हणतात. एका नामांकित हॉस्पिटलची ही भाषा! मी कपाळावर हात मारून घेतला.

राग मला याचाच होता की बाकीच्यांना त्याचा राग येत नव्हता. शेख सिस्टर आमच्या वॉर्डच्या प्रमुख. वीस वर्षांची शिस्तीची बाई, माझ्याशीसुद्धा मोजकं बोलतात. त्या याची बाजू घ्यायच्या. "सर, उनका हाथ अच्छा है," म्हणायच्या. "पेशंटला कूस बदलून देताना आजवर एकदाही कुणी कण्हलं नाही." मी म्हणायचो, सिस्टर, बेल वाजली की येतो का तो? त्या चार्ट भरायला लागायच्या.

कारण तो यायचा नाही. बेल वाजून वाजून पेशंटचं बोट दुखायचं आणि हा सहा फुटांवर शांतपणे पाण्याचे जग भरत उभा. आळशी म्हणावा तर दिवसभर पाय टेकत नव्हता. माजोरडा म्हणावा तर समोर गेलं की लगेच कामाला लागायचा. पाचव्या महिन्यात माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

एका दुपारी तो कपड्यांच्या खोलीत एकटा होता. काचेच्या दारांच्या कपाटासमोर, माझ्याकडे पाठ करून चादरींच्या घड्या घालत होता. मी दारात उभा राहिलो आणि मास्क खाली करून साध्या आवाजात म्हणालो, "अंबादास." काही नाही. जरा मोठ्याने, "अंबादास!" काही नाही. मग मी, माझ्यातला नट जागा होऊन, एकेक शब्द सुटा करत म्हणालो, "अंबादास, उद्यापासून कामावर येऊ नकोस."

त्याने एक घडी वाकडी पडली म्हणून उकलली, झटकली आणि पुन्हा घातली. मागे वळून पाहिलं नाही.

ठार बहिरा! मला इतका आनंद झाला की जिना उतरताना मी शीळ घातली. या माणसाने मोठ्या डॉक्टरांना, कोर्सच्या मास्तरांना, सगळ्यांना टोपी घातली होती. समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखायचं आणि ऐकू आल्यासारखी मान डोलवायची. म्हणून तोंडाकडे बघणं, म्हणून मास्कचं वाकडं, म्हणून पहिला बाक! आणि पकडला कुणी? मी. एका मिनिटात. केबिनमध्ये जाऊन मी अहवाल लिहायला घेतला. 'सदर कर्मचाऱ्याने श्रवणदोष लपवून नोकरी मिळवली असून रुग्णांच्या जिवास धोका संभवतो. कायम करण्यास अपात्र.' वाक्य मला फार आवडलं. सही तेवढी महिनाअखेरीला करायची म्हणून कागद खणात ठेवला.

त्याच आठवड्यात माझ्या वडिलांना आमच्याच हॉस्पिटलात दाखल करावं लागलं.

आम्ही त्यांना तात्या म्हणतो. वय ऐंशीला टेकलेलं. तात्यांबद्दल हॉस्पिटलात सगळ्यांना एवढंच माहीत होतं की ते पूर्वी मिलच्या ऑफिसात होते. हे मीच सांगितलं होतं. खरं म्हणजे तात्या मिलच्या ऑफिसात फक्त हिशेब घ्यायला गेले, मिल बंद पडली तेव्हा. बाकी सगळी वर्षं साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, मागावर. केसांत कापूस घेऊन घरी यायचे. पण प्रशासन अधिकाऱ्याच्या वडिलांच्या केसांत कापूस असून कसं चालेल?

तात्यांचं आणि माझं बोलणं असं फार नव्हतंच. मी ऑफिसला निघताना चपला घालत विचारायचो, गोळी घेतली का? तात्या म्हणायचे, बरं. मी संध्याकाळी टीव्हीकडे बघत म्हणायचो, उद्या पाणी येणार नाही, जपून वापरा. तात्या म्हणायचे, बरं. कशालाही बरं. टीव्हीचा आवाज मात्र गल्लीला पुरेल इतका. वयोमानाप्रमाणे लक्ष राहत नाही, शिवाय मूळचाच घुम्या स्वभाव, असं माझं निदान होतं.

त्यांच्या घशात गाठ निघाली आणि स्वरयंत्र काढावं लागलं. सर्जननी नीट समजावलं होतं. जीव वाचेल, श्वास गळ्याला केलेल्या भोकातून घेतील, पण आवाज गेला तो गेला. शुद्धीवर आल्यावर तात्या ओठ हलवायचे आणि बाहेर काहीच यायचं नाही. सिस्टरनी पाटी-पेन्सिल दिली. तात्यांची शाळा दुसरीत सुटलेली, येते ती सही. त्यांनी पाटी बाजूला सारली.

पहिले दोन दिवस मी ओळखायचा प्रयत्न केला. पाणी? पाणी तोंडाने द्यायचंच नव्हतं. दुखतंय? उशी? पंखा? तात्या मान हलवून नाही म्हणायचे, पुन्हा ओठ हलवायचे, मी पुन्हा तीच यादी म्हणायचो. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पलंगाच्या कठड्यावर हात आपटायला सुरुवात केली. मी, शेख सिस्टर, एक शिकाऊ डॉक्टर, तिघं भोवती उभे राहून लघवीपासून देवपूजेपर्यंत सगळं विचारून झालं. तात्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. माझ्या बापाला मी रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात अंबादास चादर बदलायला आला. त्याने आमच्या तिघांकडे बघितलं, पलंगाला वळसा घालून भिंतीच्या बाजूला गेला, वाकला आणि तात्यांच्या तोंडासमोर तोंड नेलं. तात्यांचे ओठ हलले. अंबादास सरळ झाला.

"दात मागालेत की," तो म्हणाला.

"काय?"

"दात. त्यांचे दात कुटं ठेवलाव सायब? दात नसल्यावर तोंडाचा आकार पडंना, मग तुमाला कळंना, असं म्हणालेत. तुमच्यासाठीच मागालेत."

कवळी माझ्याच खिशात होती, रुमालात गुंडाळलेली. ऑपरेशनच्या दिवशी सांभाळायला घेतली ती राहूनच गेली होती. सिस्टरनी डॉक्टरांना विचारून ती बसवली. तात्यांनी जबडा दोनदा हलवून बघितला आणि मग अंबादासकडे बघत जे बोलायला सुरुवात केली ते थांबेचनात. आवाज नाही, नुसते ओठ. मध्येच त्यांनी दोन बोटं जुळवून तोडल्यासारखी केली. अंबादासने तळहातावर अंगठा आडवा फिरवून उत्तर दिलं. तात्या हसले. खांदे हलले, गळ्यातल्या नळीतून फुस्स झालं, पण ते हसणंच होतं.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"साळखात्यात होते म्हणं. चार माग सांभाळायचे. मी म्हणलो, आमच्यात दोन धरले तरी गडी दमतंय." मग शेख सिस्टरकडे वळून, त्याच्या त्या आवाजात, साऱ्या वॉर्डाला कळेल असं तो म्हणाला, "सिस्टर, तात्या आमच्यातलेच निघाले की!"

माझे कान तापले. सिस्टरनी माझ्याकडे बघितलं नाही, ही त्यांची कृपा.

त्यानंतर अंबादास ड्यूटी संपली की रोज तात्यांच्या खोलीत यायचा. मी पडद्याआडून बघायचो. मागांच्या खडखडाटात आयुष्य काढलेली ही माणसं, आवाजावर त्यांचा कधी भरवसाच नव्हता. ओठ आणि हात, एवढ्यावर त्यांचं सगळं भागायचं. मालकाला शिव्या, मुकादमाच्या नकला, कुणाच्या लग्नातल्या जेवणाची निंदा, असं अंबादास मला नंतर सांगायचा. तात्यांना एवढं बोलता येतं हे मला पन्नास वर्षांत माहीत नव्हतं.

एकदा मी खोलीत खिडकीचा पडदा सारत, तात्यांकडे पाठ करून म्हणालो, "तात्या, उद्या टाके काढणार आहेत हं."

"सायब," अंबादास म्हणाला, "समोरून बोला की. तात्यांस्नी ऐकू येत न्हाई."

"येतं रे. वयामुळे जरा कमी..."

"जरा न्हाई. न्हाईच येत. मिलमधी असतानाच गेलंय त्यांचं." एरवी याचा आवाज कधी खाली यायचा नाही, तो त्या दिवशी पहिल्यांदा खाली आला. "मला कसं येत न्हाई सायब, तसंच."

मी वळलो. तात्या आमच्या दोघांच्या ओठांकडे आळीपाळीने बघत होते.

मला ते सगळे 'बरं' आठवले. चपला घालताना, टीव्हीकडे बघताना, फोनवर असताना. पाठ करून विचारलेल्या हजार प्रश्नांना बापाने भांडण नको म्हणून बरं म्हटलं होतं. परक्या माणसाचं बहिरेपण मी एका मिनिटात पकडलं म्हणून शीळ घातली होती. घरातलं पन्नास वर्षांत मला दिसलं नाही. मला स्वतःची इतकी लाज वाटली की तिथे उभं राहवेना. मी काहीतरी पुटपुटून बाहेर आलो.

संध्याकाळी अंबादासला केबिनमध्ये बोलावलं. तो समोर उभा राहिला, नेहमीसारखा तोंडाकडे बघत.

"ऐकू येत नाही हे तू लपवलंस," मी म्हणालो.

"व्हय. सांगितलं असतं तर घेतलं असतं काय?"

"मग आज का सांगितलंस? अहवाल मी लिहिणार आहे, माहीत आहे ना?"

"तुमी लिवलाव की सायब कवाच." त्याने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "कपड्याच्या खोलीत म्हणला न्हवं का, उद्यापासून येऊ नको म्हणून? कपाटाला काच हाय. काचेत तुमचं तोंड दिसत हुतं."

कागद माझ्या खणात होता, त्याच्या आणि माझ्या मध्ये एक फळी.

"मग तू आलास कसा दुसऱ्या दिवशी?"

"कागद हातात दिला न्हाई तुमी. म्हणलं, देतील तवा देतील. तवर माग चालू ठेवायचा." तो पुढे म्हणाला, "नंतर मग तात्या आले. तात्या घरी जाईस्तवर राहू द्या सायब. मग जातो. मला बी बोलायला मिळालंय की लई दिवसांनी. बायको हुती तवर ती समोर येऊन, पदर बाजूला धरून बोलायची. ती गेली दोन वर्सं झाली. पोरं, सुना सगळी चांगली हायत, पण मुंडी खाली घालून मोबाइलात बघत बोलतेत. तोंडच दिसत न्हाई कुणाचं. घरात बसलो तरी कारखाना बंद पडल्यावाणी वाटतंय."

मी खण उघडून कागद काढला. फाडला वगैरे नाही. ऑफिसची सवय आहे, कागद फाडवत नाही. त्याच्या पाठीवर नवीन मजकूर लिहिला आणि तोच मोठ्या डॉक्टरांकडे नेला. ज्यांना बोलता येत नाही अशा पेशंटांच्या वॉर्डात याला कायम करावं, आणि तिथे बेलच्या जोडीला प्रत्येक पलंगावर लाल दिवा लावावा. दिव्याची कल्पना अंबादासचीच. "आवाज करून काय उपेग? उजेड करा की," म्हणाला. मोठ्या डॉक्टरांनी दोन्ही बाजू वाचल्या, माझ्याकडे बघितलं आणि पाठीमागच्या बाजूवर सही केली.

मी काही एकदम संत झालो असं समजू नका. अंबादास अजून ओरडतो. अजून नाड्यांना तीच गाठ मारतो, फक्त आता थिएटरमध्ये त्यासाठी एक कात्री वेगळी ठेवली आहे. अजून मी त्याच्यावर डाफरतो, पण समोर जाऊन, मास्क खाली करून, म्हणजे त्याला पूर्ण कळावं.

रविवारी तो आमच्या घरी येतो. तात्या सकाळपासून कवळी घालून, दाढी करून खिडकीपाशी बसलेले असतात. दोघांची मैफल तासन् तास चालते आणि घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. मधूनच दोघं माझ्याकडे बघून हसतात. मी विचारतो, काय म्हणाले? अंबादास म्हणतो, "काय न्हाई सायब, कामाचं बोलणं."

परवा मी चहाचं विचारायला गेलो. सवयीने दारातूनच विचारणार होतो, पण मग आत गेलो, तात्यांच्या पुढ्यात स्टूल ओढून बसलो आणि म्हणालो, "तात्या, चहा घेणार?"

तात्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. मग त्यांचे ओठ हलले. मला कळलं नाही. मी अंबादासकडे बघितलं.

"मी न्हाई सांगणार," तो म्हणाला. "तुमीच बघा."

तात्यांनी पुन्हा सांगितलं, हळूहळू. पुन्हा नाही कळलं. मी स्टूल आणखी पुढे ओढलं, त्यांच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकं, आणि म्हणालो, अजून एकदा. तात्या चिडले नाहीत. लहान पोराला शिकवावं तसा एकेक शब्द त्यांनी ओठांवर ठेवला, आणि तिसऱ्या वेळी मला दिसला.

"तू घेतलास का?"